घरच्या घरीं फिल्म धुण्याची अंधारी खोली

काळ्यापांढऱ्या फिल्मवर छायाचित्रें काढण्याचा छंद अलीकडे कांहीं तरुणांस पुन्हां जडूं लागला आहे. खिशांतील मोबाइलनें घटकाभरांत शेंकडों चित्रें टिपतां येत असतां, छत्तीस चित्रांचें एक रीळ जपून जपून वापरण्यांत त्यांस काय गोडी वाटते, याची चिकित्सा करण्याचें येथें प्रयोजन नाहीं. आमच्यापुढील प्रश्न निराळा आहे. आजोबांचा कॅमेरा माळ्यावरून खालीं उतरला, मुंबईहून फिल्म आली, आंजर्ल्यास कड्यावरच्या गणपतीच्या आवारांतून समुद्राचें चित्र घेऊन झालें, आजीला ओटीवर बसवून तिचेंहि घेतलें. पण पुढें काय? ती फिल्म धुवायची कोठें? तालुक्याच्या गांवीं फोटो-स्टुडिओंत पूर्वीं हें काम होत असे, तें बहुतेक ठिकाणीं बंद पडलें आहे. मुंबई-पुण्यास धाडावें तर एका रिळासाठीं कोण धाडतो? चार-पांच रिळें सांचूं द्यावीं, असें मनांत येतें, आणि वैशाखांत घेतलेली फिल्म दिवाळीपर्यंत कपाटांत पडून राहते.

हें पडून राहणेंच कोंकणांत घातक आहे. फिल्मच्या पृष्ठावर जिलेटिनचा पातळ थर असतो व त्यांत रौप्य-ब्रोमाइडाचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. कॅमेऱ्याचें दार क्षणभर उघडून प्रकाश आंत पडला, म्हणजे ज्या कणांवर तो पडतो त्यांच्यांत चांदीच्या अगदीं थोड्या अणूंचा पुंजका उत्पन्न होतो. डोळ्यांस यांतलें कांहींच दिसत नाहीं. हीच सुप्त प्रतिमा. ती असते फार नाजूक. उष्णता व दमट हवा यांत ती हळूहळू पुसट होऊं लागते, आणि ज्या कणांवर प्रकाश पडलाच नाहीं तेहि आपोआप काळवंडूं लागून सर्व फिल्मवर एक करडें पटल चढतें. थंड देशांत फिल्म कांहीं महिने राहिली तरी फारसें बिघडत नाहीं. समुद्रकांठच्या गांवीं एक पावसाळा पुरेसा होतो. आजीचा चेहरा पुन्हां तसाच मिळेल, ह्याचा भरंवसा कोणीं द्यावा? म्हणून घरच्या घरीं, आठ दिवसांच्या आंत, फिल्म धुण्याची सोय करून ठेवावी, असें आमचें सांगणें आहे, आणि ती सोय आंजर्ल्यासारख्या गांवीं कशी करावी, हें आम्ही येथें सांगणार आहों.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. १८५४ सालीं मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, व डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांनीं ह्या विद्येंत लक्ष घातलें. त्या काळीं कांचेच्या पट्टीवर कलोडियनचा ओला थर देऊन, तो वाळण्याच्या आंत चित्र घेऊन धुवावें लागे. अंधारी खोली कॅमेऱ्यापासून चार पावलांवर असलीच पाहिजे, बाहेर पडलें तर तंबूच्या रूपानें ती बरोबर न्यावी लागे. पुढें कोरड्या पट्ट्या व फिल्म निघाल्या, आणि चित्र घेणारा व धुणारा हे दोघे निरनिराळे झाले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचें चलच्चित्र घेतलें, तें धुण्यासाठीं विलायतेस पाठविलें होतें. कुस्ती मुंबईंत आणि तिचें दर्शन लंडनहून परत आल्यावर! ह्या परावलंबनांतून दादासाहेब फाळके यांनीं सुटका केली. बडोद्याच्या कलाभवनांत छायाचित्रण शिकलेले फाळके १९१२ सालीं लंडनहून कॅमेरा व इतर यंत्रें घेऊन आले, आणि १९१३ च्या मे महिन्यांत ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन सिनेमांत लोकांपुढें आला. त्या चित्रपटाची फिल्म दादरला त्यांच्या राहत्या घरांतच धुतली जात असे. त्या वेळीं कच्ची फिल्म कडेचीं भोकें न पाडतांच येई. तीं भोकें रात्रीं अंधारांत यंत्रानें पाडण्याचें काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत, आणि फिल्म धुण्याचें कामहि त्यांनीं शिकून घेतलें होतें. दिवसा चित्रपटाच्या मंडळींचा सर्व स्वयंपाक करावयाचा व रात्रीं हें काम. हिंदुस्थानांतील पहिल्या कथापटाची प्रयोगशाळा ही एका मराठी गृहिणीच्या संसारांत होती, हें सहसा कोणी ध्यानांत आणीत नाहीं. शेंकडों फूट फिल्म त्या माउलीनें धुतली. आपणांस तर तीन-साडेतीन हात लांबीचीच धुवावयाची आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं.

अंधारी खोली म्हटली कीं लोक अंधाराच्याच काळजींत पडतात. कोंकणांतील जुन्या घरांत अंधाराचा तोटा नाहीं. माजघरालगतची कोठीची किंवा बाळंतिणीची खोली बहुधा बिनखिडकीची असते. तिच्या दाराच्या फटींत गोधडी कोंबली कीं झालें. कौलारू छपराचें मात्र दिवसा खरें नाहीं. कौलांच्या सांध्यांतून व वासे भिंतीवर टेकतात तेथून सुईएवढे कवडसे येतात, आणि कांचेचें कौल बसविलेलें असेल तर विचारावयासच नको. यास उपाय सोपा आहे: काम रात्रीं जेवणें आटोपल्यावर करावें. खोली पुरेशी अंधारी आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आंत दहा मिनिटें बसून, पांढरा कागद डोळ्यांपुढें धरावा. दहा मिनिटांनींहि तो दिसत नसेल तर खोली योग्य समजावी. येथें तांबडा दिवा लावूं नये. अंधाऱ्या खोलींत तांबडा दिवा असतोच, असा समज चित्रपट पाहून झालेला आहे. तो दिवा कागदावर प्रती काढतांना चालतो. जुन्या काळच्या कांहीं फिल्म तांबड्या रंगास आंधळ्या असत, हल्लींच्या फिल्मला सर्व रंग दिसतात. तिला पूर्ण काळोखच हवा.

शिवाय हा काळोख हवा असतो तो केवळ चार-पांच मिनिटें. बाजारांत प्लास्टिकची एक टाकी मिळते. तिच्या आंत मळसूत्री खांचांचें चाक असतें. अंधारांत फिल्म डबींतून काढून त्या चाकावर गुंडाळावी, चाक टाकींत ठेवून झांकण घट्ट लावावें, आणि मग खुशाल दिवा लावावा किंवा ओटीवर येऊन बसावें. झांकणाची रचना अशी असते कीं द्रावण आंत ओततां येतें, पण उजेड आंत शिरत नाहीं. पुढील सर्व काम उजेडांत होतें. खोलीची अडचण असेल त्यानें काळ्या दुहेरी कापडाची बाह्यांची पिशवी घ्यावी. तींत हात घालून हेंच काम दिवसाहि करतां येतें, परंतु मे महिन्यांत त्या पिशवींत हात घामानें भिजतात आणि दमट फिल्म चाकाच्या खांचेंत अडकते. ह्यासाठीं आम्ही रात्रीची खोलीच पसंत करतों. चाक हाडकोरडें असावें, हात साबणानें धुऊन पुसलेले असावे, आणि वाया गेलेल्या एका फिल्मवर प्रथम उजेडांत, नंतर डोळे मिटून, दहा-वीस वेळां सराव करावा. सर्व विद्येंत हेंच एक काम हातास वळण लागल्याशिवाय येत नाहीं.

अंधार सांपडला; आंजर्ल्यास खरा शत्रु आहे ती उष्णता. फिल्मच्या वेष्टनावर छापलेला वेळ बहुधा २० अंश सेंटिग्रेडचा असतो. आपल्याकडे विहिरीचें पाणी साधारणपणें २६-२७ अंशांच्या आसपास आणि गच्चीवरच्या टाकींतलें दुपारीं ३० च्याहि वर असतें. उष्णतेनें रासायनिक क्रिया जलद होते. दर अंशास वेळ सुमारें ८ ते १० टक्क्यांनीं कमी करावा लागतो. उदाहरणार्थ, इलफर्डच्या ४०० वेगाच्या फिल्मला आयडी-११ ह्या डेव्हलपरांत २० अंशांस साडेसात मिनिटें लागतात. २७ अंशांस तेंच काम चार-सव्वाचार मिनिटांत होऊं पाहतें. पांच मिनिटांहून कमी वेळांत द्रावण सर्व फिल्मवर सारखें लागत नाहीं व आकाशांत पट्टे उमटतात. म्हणून गरम मुलखांत डेव्हलपर समभाग पाण्यानें पातळ करावा. त्या प्रमाणास २० अंशांवर १३ मिनिटें लागतात, २४ अंशांवर सवानऊ, आणि २७ अंशांवर सातच्या आसपास; म्हणजे हाताशीं पुरेसा वेळ राहतो. पाणी गार करण्यासाठीं मातीचा माठ उन्हाळ्यांत दोन-चार अंशांची मदत करतो, पण पावसाळ्यांत हवाच पाण्यानें भरलेली असल्यामुळें माठाचें कांहीं चालत नाहीं. तेव्हां परातींत पाणी व बर्फ घालून तींत द्रावणाच्या बाटल्या उभ्या कराव्या. बर्फ द्रावणांत टाकूं नये, प्रमाण बिघडतें. यांत आणखी एक पथ्य आहे: डेव्हलपर २४ अंशांवर आणि नंतरचें पाणी ३० वर, असें होऊं देऊं नये. जिलेटिन एकदम फुगून त्यावर वाळलेल्या चिखलासारख्या बारीक भेगांचें जाळें पडतें व तें जन्मांत जात नाहीं. सर्व द्रावणें थोडीं गरम असलीं तरी चालतील, पण एकमेकांशीं जुळतीं असावीं. एक चांगला उष्णतामापक घ्यावा. कॅमेऱ्यापेक्षांहि त्याच्यावर पैसा खर्चणें आम्ही अधिक शहाणपणाचें समजतों.

डेव्हलपर तयार पुडींत मिळतो, आणि घरींहि करतां येतो. कोडॅक कंपनीचें डी-७६ हें सूत्र १९२० च्या दशकांतलें आहे व आयडी-११ हा त्याचाच सख्खा भाऊ. एक लिटर पाण्यास मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टांकणखार, म्हणजे बोरॅक्स, २ ग्रॅम. पाऊण लिटर कोमट पाणी घेऊन तींत प्रथम सल्फाइटाची चिमूट, मग मेटॉल, मग उरलेलें सल्फाइट व शेवटीं राहिलेलीं दोन द्रव्यें क्रमानें विरघळवावीं आणि थंड पाणी घालून लिटर पुरा करावा. क्रम बदलल्यास मेटॉल विरघळत नाहीं. ह्यांतील मेटॉल व हायड्रोक्विनोन हीं प्रकाश लागलेल्या कणांचें चांदींत रूपांतर करतात. टांकणखार त्यांस चालना देतो. सल्फाइट द्रावणास हवेपासून राखतें. तरी अर्धी बाटली हवेनें भरलेली राहिली तर द्रावण तपकिरी होऊन निकामी होतें, यास्तव लहान बाटल्या तोंडापर्यंत भरून ठेवाव्या. भांडीं कांचेचीं, प्लास्टिकचीं किंवा स्टेनलेस पोलादाचीं असावीं. तांब्यापितळेचीं भांडीं येथें वर्ज्य. तांब्याचा अंश उतरला तर फिल्म काळवंडते. आणि जें भांडें ह्या कामीं लागलें तें पुन्हां स्वयंपाकघरांत नेऊं नये. मेटॉलनें कित्येकांच्या हातांस खाज सुटून पुरळ येतो, म्हणून रबरी मोजे घालावे, आणि बाटल्यांवर ठळक नांवें लिहून त्या मुलांच्या हातीं लागणार नाहींत अशा उंचीवर ठेवाव्या.

द्रावण टाकींत ओतल्यावर टाकी ओट्यावर हलकेच आपटावी, म्हणजे फिल्मला चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटतात. पहिलें अर्धें मिनिट आणि नंतर प्रत्येक मिनिटास दहा सेकंद टाकी उलटसुलट करावी. वेळ भरतांच डेव्हलपर ओतून काढून, खाण्याच्या शिरक्यांत दुप्पट-तिप्पट पाणी घालून केलेलें द्रावण अर्धा मिनिट फिरवावें. आम्लानें क्रिया तात्काळ थांबते. त्यानंतर हायपो. लिटर पाण्यास २५० ग्रॅम सोडियम थायोसल्फेट घेतलें कीं हें द्रावण होतें. ज्या कणांवर प्रकाश पडला नाहीं त्यांस तें विरघळवून नेतें आणि चित्र पक्कें होतें. चांदीचे क्षार ह्यांत विरघळतात, हा शोध जॉन हर्शेल यांनीं १८१९ सालीं लावला, आणि छायाचित्रणास त्याचा उपयोग वीस वर्षांनीं झाला. हायपोचे खडे विरघळतांना पाणी इतकें थंड होतें कीं भांड्यास बाहेरून दंव सुटतें. ही मौज पाहण्यासारखी आहे, पण म्हणूनच तें आदल्या दिवशीं करून ठेवावें. हायपोंत किती वेळ ठेवावें, हें फिल्मचा कापलेला तुकडा त्यांत टाकून कळतें. तो दुधाळ होता तो जितक्या वेळांत स्वच्छ झाला, त्याच्या दुप्पट वेळ द्यावा.

मग झांकण काढावें. ओल्या चाकावरून फिल्म उलगडतांना उलट्या छायेचीं तीं चित्रें, काळें आकाश, पांढरा समुद्र, आजीचा काळा चेहरा व पांढरे डोळे, दिव्याकडे धरून पाहण्याची घाई कोणास होत नाहीं? परंतु अजून अर्धें काम राहिलेंच आहे.

हायपोचा अंश फिल्ममध्यें राहिला तर पांच-दहा वर्षांनीं चित्र पिवळें पडून विरून जातें. म्हणून ती पाण्यानें चांगली धुवावी लागते, आणि चैत्र-वैशाखांत, विहिरीचा तळ दिसूं लागला असतां, नळाखालीं अर्धा तास धार सोडणें कोणासहि परवडणार नाहीं. यावर दोन तोडगे आहेत. टाकी पाण्यानें भरून पांच वेळां उलटवावी व ओतून टाकावी; पुन्हां भरून दहा वेळां; पुन्हां भरून वीस वेळां. एवढ्यानें एका रिळाचें काम एक-दीड लिटरांत भागतें. हें जलद फिक्सर वापरल्यास पुरतें. साध्या हायपोनंतर हाच क्रम आणखी एकदां करावा. दुसरा तोडगा तर दारींच आहे. समुद्राचें पाणी हायपोस गोड्या पाण्यापेक्षां लवकर ओढून काढतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हें नीट तपासण्यांत आलें, आणि त्याच धोरणावर पुढें हायपो काढून टाकणारीं क्षारद्रावणें निघालीं. तेव्हां पुळणीवरून नितळ पाणी एक घागरभर आणून फडक्यानें दोनदां गाळावें. खाडीचें गढूळ पाणी घेऊं नये. त्यांत फिल्म चार-पांच वेळां खळबळून काढावी आणि शेवटीं गोड्या पाण्यानें नीट धुवावी. ही शेवटची पायरी वगळली तर मिठाचे कण फिल्मवर राहून ओल धरतील, आणि केलेलें सर्व फुकट जाईल. अगदीं शेवटीं शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यांत साबणासारख्या ओलसर द्रव्याचा एक थेंब टाकून त्यांतून फिल्म काढावी, म्हणजे वाळतांना पाण्याचे डाग पडत नाहींत.

वापरलेलें हायपो विहिरींत, पऱ्ह्यांत किंवा खाडींत ओतूं नये. त्यांत विरघळलेली चांदी माशांस विषासारखी आहे, आणि ज्या गांवचे निम्मे लोक खाडीवर पोट भरतात तेथें हें निक्षून सांगणें भाग आहे. डब्यांत सांठवून त्यांत लोखंडी काथ्याचा बोळा टाकून ठेवल्यास चांदी गाळाच्या रूपानें खालीं बसते. आमच्या शाळांच्या रसायनशाळांत हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याजोगा आहे.

कागदावर प्रत काढण्यासाठीं मोठें यंत्र नसेल तर अडून बसूं नये. निगेटिव्ह कागदावर ठेवून वर कांचेचें जड तावदान ठेवावें, डोक्यावरचा साधा दिवा दोन-चार सेकंद लावावा, आणि तीन ताटांतून कागद नेला कीं तेवढ्याच आकाराची प्रत मिळते. येथें मात्र तांबडा दिवा चालतो, आणि कोऱ्या कागदावर चित्र वर येतांना पाहणें हा ह्या सर्व खटाटोपांतला सर्वांत मोठा आनंद आहे. वीज गेली तर अंधार आपोआप होतो, पण प्रत मात्र निघत नाहीं. एवढीच काय ती तक्रार.

फिल्म वाळवण्यासाठीं न्हाणीघर उत्तम. गरम पाण्याची वाफ आधीं सोडून हवेंतील धूळ खालीं बसवावी, मग खालच्या टोंकास चिमटा लावून ती टांगावी व दार लावून घ्यावें. पंखा लावूं नये. जांभ्याची तांबडी धूळ ओल्या जिलेटिनवर बसली तर ती निघत नाहीं. उन्हाळ्यांत दोन-तीन तासांत, श्रावणांत रात्रभरानेंहि ती पुरती वाळत नाहीं, आणि अर्धवट वाळलेली गुंडाळून ठेवली तर महिनाभरांत बुरशीचे तंतु चित्रांतून फिरूं लागतात. पावसाळ्यांत धुतलेली फिल्म सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यांत ठेवावी, आणि पुड्या ओल धरूं लागल्या कीं त्या तापवून घ्याव्या.

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ ह्या किनाऱ्यावर आलें, त्या दिवशीं दापोली तालुक्यांतील समुद्रकांठच्या गांवांत नारळी-पोफळी मोडल्या, कौलें उडालीं आणि घराघरांतले पेटारे पावसांत उघडे पडले. अशा पेटाऱ्यांत लग्नांमुंजींच्या, आतां हयात नसलेल्या माणसांच्या निगेटिव्ह असतात. त्या भिजून एकमेकींस चिकटल्या कीं बहुतेक लोक त्यांस उन्हांत टाकतात, आणि तेथेंच त्यांचा नाश होतो. वाळतांना जिलेटिन एकजीव होऊन मग त्या फाडल्याशिवाय सुटत नाहींत. भिजलेल्या निगेटिव्ह वाळूं न देतां स्वच्छ गार पाण्याच्या परातींत बुडवून ठेवाव्या, परंतु फार वेळ नव्हे. दोन दिवसांच्या आंत हात लावावा. पाण्याखालींच बोटांनीं हळूहळू एकेक सोडवावी, चित्राच्या बाजूस बोट लागूं देऊं नये, पाणी दोन-तीनदां बदलावें, शेवटीं ऊर्ध्वपातित पाण्यांतून काढून चिमट्यानें न्हाणीघरांत टांगावी. ज्यानें आपल्या हातानें दहा-बारा रिळें धुतलीं आहेत त्यास हें काम नवें वाटत नाहीं. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याहि पेटाऱ्यांस तो उपयोगी पडतो.